बाण काढण्याआधी : संशोधनाची संकल्पनात्मक चौकट कशी उभी राहते

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज २,२५० उष्मांक ही किमान गरज धरली होती. एवढे उष्मांक पदरात पडतील इतका खर्च १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक करू शकत नव्हते, असा त्यांचा हिशेब निघाला. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीच्या हिशेबालाच आक्षेप घेतला. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून पुण्यात परतले होते. त्यांचे म्हणणे असे, की एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, काही मर्यादेत अन्न कमी मिळाले तर शरीर ते अधिक काटकसरीने वापरते, आणि म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण अर्धपोटी आहे असे धरता येत नाही. रेषा ओढायचीच तर ती सरासरीतून दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) वजा केल्यावर येणाऱ्या आकड्यावर ओढावी. तशी ती ओढली की अर्धपोटी माणसांची संख्या झपाट्याने खाली येते. दांडेकरांना हे पटले नाही आणि १९८०च्या दशकात पुण्यातल्या या दोन अभ्यासकांमधला वाद चांगलाच गाजला.

या वादात दोघांपुढेही राष्ट्रीय नमुना पाहणीतून येणारी त्याच प्रकारची आकडेवारी होती आणि बेरीज-वजाबाकीत कोणी चुकले नव्हते. फरक होता तो मनातल्या चित्रात. एका चित्रात अन्न आणि पोषण यांच्यामध्ये थेट बाण होता, कारण गरज ही जवळजवळ स्थिर मानलेली होती. दुसऱ्या चित्रात त्या दोहोंच्या मध्ये आणखी एक चौकोन होता : शरीराची जुळवून घेण्याची क्षमता. त्या एका चौकोनाने कोट्यवधी माणसांची गणती या बाजूची त्या बाजूला जाते. सुखात्म्यांच्या टीकाकारांनी पुढे विचारलेला प्रश्नही त्याच चित्रावर बोट ठेवणारा होता. शरीर जुळवून घेते हे खरे असले, तरी ते कशाच्या मोबदल्यात? मुलाची वाढ खुंटवून आणि मोठ्यांची काम करण्याची ताकद कमी करून जुळवून घेतले जात असेल, तर त्या चौकोनातून आणखी एक बाण निघायला हवा.

संशोधनाच्या भाषेत या मनातल्या चित्राला संकल्पनात्मक चौकट म्हणतात. आपल्या अभ्यासात कोणकोणत्या गोष्टी येतात, त्या प्रत्येकीचा आपण नेमका कोणता अर्थ घेतो, आणि कोणती गोष्ट कोणत्या वाटेने कशाला कारण होते असे आपण मानतो, याची कारणांसह केलेली मांडणी म्हणजे ही चौकट. पीएचडीच्या आराखड्यात तिच्या नावाने जी आकृती येते, ती या मांडणीचा फक्त नकाशा असतो. आकृती आहे पण तिच्याखाली प्रत्येक बाणाचे समर्थन करणारा मजकूर नाही, असे आराखडे मी इतके वाचले आहेत, की आता आकृतीचे पान उलटून आधी पुढचे पान पाहण्याची सवय लागली आहे.

आणखी एक घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. सैद्धांतिक चौकट आणि संकल्पनात्मक चौकट हे शब्द अनेक प्रबंधांत एकमेकांच्या जागी वापरले जातात. सिद्धांत आधीच कोणी तरी मांडलेला, तपासलेला असतो आणि तो तुमच्या विषयापेक्षा मोठा असतो. उदाहरणार्थ, अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांचा अभ्यास करताना असे मांडले, की अन्नाचा एकूण साठा फारसा घटलेला नसतानाही लोक उपासमारीने मरू शकतात, कारण त्यांची अन्न मिळवण्याची हक्कदारी, म्हणजे मजुरी, जमीन किंवा मालाच्या बदल्यात धान्य घेण्याची कुवत, ढासळते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा त्यांनी असाच उलगडा केला. हा सिद्धांत तुम्ही बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या अभ्यासासाठी घेऊ शकता आणि त्यातून मजुरी, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम) आणि धान्य यांचा संबंध चांगला उलगडेल. परंतु उसाच्या फडाशेजारच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसभर कोण भरवते, हे सेन यांचा सिद्धांत सांगणार नाही, कारण तो त्यासाठी रचलेलाच नाही. तिथे बालसंगोपनाचे अभ्यास, आजारांचे अभ्यास आणि तुमचे स्वतःचे क्षेत्रनिरीक्षण यांतून एकेक तुकडा आणून जोडावा लागतो. ही जोडलेली, तुमच्या प्रश्नापुरती आणि तुमच्या जबाबदारीवर उभी असलेली रचना म्हणजे संकल्पनात्मक चौकट. क्वचित एकाच सिद्धांतावर अख्खा अभ्यास उभा असतो आणि तेव्हा दोन्ही चौकटी जवळजवळ एकच होतात. तसे असेल तर तसे लिहावे, उगाच दोन आकृत्या काढू नयेत.

दोन जुन्या चौकटी

चांगली चौकट कशी असते हे कळण्यासाठी बालकांच्या आरोग्याच्या क्षेत्रासारखी दुसरी शाळा नाही. १९८४ मध्ये मोस्ली आणि चेन या दोन अभ्यासकांनी बालमृत्यूंविषयी एक चौकट मांडली. त्या काळी समाजशास्त्रज्ञ आईचे शिक्षण, घरचे उत्पन्न यांचा बालमृत्यूशी संबंध दाखवत होते, तर वैद्यकीय संशोधक जंतू, अतिसार, गोवर यांच्या पाठीमागे होते. आणि एकाचे काम दुसऱ्याच्या कामात बसत नव्हते. मोस्ली आणि चेन यांनी मध्ये एक थर घातला. मातेशी निगडित घटक, परिसरातील दूषितता, पोषणाची कमतरता, इजा आणि आजार टाळण्या-बरे करण्याच्या कृती, अशा पाच गटांत त्यांनी १४ निकटचे घटक सांगितले आणि नियम असा केला, की कोणतेही सामाजिक कारण बाळापर्यंत पोहोचायचे असेल तर ते या थरातूनच गेले पाहिजे. शिक्षण काही बाळाच्या पोटात जात नाही. शिकलेली आई पाणी उकळते, लस वेळेवर देते, दवाखान्यात आपले म्हणणे रेटते. ‘आईचे शिक्षण’ या चौकोनातून थेट ‘बालमृत्यू’कडे बाण काढणाऱ्याला ही चौकट हात धरून थांबवते आणि विचारते, मधल्या वाटेवर काय आहे?

दुसरी चौकट युनिसेफची, १९९० सालची. तिची मुळे टांझानियातील इरिंगा या भागात १९८०च्या दशकात झालेल्या पोषण कार्यक्रमात आहेत. तिच्यापूर्वी कुपोषण म्हणजे प्रथिनांचा तुटवडा, असे मानण्याचा एक मोठा काळ होऊन गेला होता. त्या समजुतीवर प्रहार करणाऱ्यांत हेच सुखात्मे होते, कारण मुळात पोटभर अन्नच मिळत नसेल तर प्रथिनेही सरपणासारखी जाळली जातात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. युनिसेफच्या चौकटीने कारणांचे तीन थर केले. सर्वांत वर, बाळाच्या अगदी जवळ, दोनच कारणे : अपुरा आहार आणि आजार, आणि ही दोन्ही एकमेकांना वाढवणारी. त्याखाली तीन : घरातील अन्नाची असुरक्षितता, माता-बालकांच्या संगोपनातील उणिवा, आणि अपुऱ्या आरोग्यसेवा व अस्वच्छ परिसर. तळाशी मूलभूत कारणे, म्हणजे साधनसंपत्ती कोणाच्या हातात आहे आणि ती तशी का आहे. यातले ‘संगोपन’ हे खाते त्या वेळी अनेकांना दुय्यम वाटत होते. १९९६ मध्ये रामलिंगस्वामी, यॉन्सन आणि रोड यांनी ‘आशियाचे कोडे’ म्हणून जो प्रश्न मांडला, की आफ्रिकेपेक्षा दक्षिण आशियातील मुले अधिक कुपोषित का, त्याचे उत्तर देताना त्यांनी स्त्रियांच्या स्थानावर आणि त्यामुळे संगोपनावर होणाऱ्या परिणामावर भर दिला. तेव्हा त्या चौकोनाचे वजन लक्षात आले. त्या कारणासाठी आकृतीत आधीपासून जागा राखलेली होती म्हणून ते शोधता आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

एक चौकट उभी करताना

आता प्रत्यक्ष काम पाहू. एखाद्या विद्यार्थिनीने विषय आणला आहे : ‘ऊसतोड कामगारांचे हंगामी स्थलांतर आणि त्यांच्या मुलांचे कुपोषण.’ मराठवाड्यातून, नगर-नाशिककडून आणि इतर भागांतूनही दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर राहतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची असते. विषय उत्तम आहे, पण अजून प्रश्न तयार झालेला नाही.

पहिले काम शेवटच्या चौकोनाचे, म्हणजे परिणामाचे. ‘कुपोषण’ हा एक शब्द असला तरी मोजताना तो तीन होतो : वयाच्या मानाने कमी उंची म्हणजे खुजेपणा, उंचीच्या मानाने कमी वजन म्हणजे लुकडेपणा, आणि वयाच्या मानाने कमी वजन. हे तिघे एका सुरात चालतात असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ ते २०१५-१६ या दहा वर्षांत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण ४६.३ टक्क्यांवरून ३४.४ टक्क्यांवर उतरले, आणि त्याच काळात लुकड्या मुलांचे प्रमाण १६.५ टक्क्यांवरून २५.६ टक्क्यांवर चढले. म्हणजे ‘महाराष्ट्रात कुपोषण घटले’ आणि ‘महाराष्ट्रात कुपोषण वाढले’ ही दोन्ही वाक्ये एकाच पाहणीच्या आधारे लिहिता येतात. आपल्या विद्यार्थिनीला पाच-सहा महिन्यांच्या स्थलांतराचा परिणाम पाहायचा आहे. उंची ही गर्भावस्थेपासूनच्या साचलेल्या काळाची खूण असते, तर उंचीच्या मानाने वजन काही आठवड्यांत घसरू शकते आणि सावरूही शकते. तेव्हा तिने शेवटच्या चौकोनात ‘कुपोषण’ खोडून ‘हंगामाच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत उंचीच्या मानाने वजनात झालेला बदल’ असे लिहावे. या एका खाडाखोडीने वजनकाटा दोनदा लागणार हे ठरते, नमुन्यात कोणत्या वयाची मुले घ्यायची हे ठरते, आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतील सॅम-मॅमचे (तीव्र आणि मध्यम कुपोषित) शिक्के पुरतील की नाहीत याचाही निकाल लागतो.

मग परिणामाकडून मागे चालत जायचे. बाळाचे वजन का घसरले? दिवसातून कमी वेळा खाल्ले, किंवा खाल्लेले अतिसाराने टिकले नाही. कमी वेळा का खाल्ले? आई पहाटे अंधारात फडात जाते, दुपारनंतर मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत परतत नाही, बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असते आणि ती बहीण स्वतःच लहान असते. अतिसार का? कोपीजवळ पाण्याची सोय नाही, शौचालय नाही. उपचार लांबतो, कारण आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी गावी राहिली आणि इथल्या यादीत या बाळाचे नाव नाही. आई सुट्टी का घेत नाही? कोयता दोघांचा आहे. एक जण बसला की दिवसाची तोड निम्म्याहून कमी होते आणि उचल तशीच अंगावर राहते. उचल का घेतली? कोरडवाहू जमीन, लग्न, आजारपण, मागच्या हंगामातील बाकी. युनिसेफचे तीन थर इथे आपोआप दिसू लागतात. शिवाय त्या मूळ आकृतीत नावानिशी नसलेल्या दोन गोष्टी हाताला लागतात, ‘कोयता’ हे मजुरीचे जोडप्यावर बसवलेले एकक आणि ‘उचल’. हेच या अभ्यासाचे स्वतःचे योगदान ठरू शकते. परदेशी चौकट उचलून तिचे मराठी भाषांतर चिकटवणाऱ्याच्या हाती हे लागत नाही, कारण त्याने फडावर जाण्याआधीच आकृती पक्की केलेली असते.

संदर्भ साहित्याचा आढावाही याच वेळी वेगळ्या पद्धतीने लावता येतो. बहुतेक प्रबंधांत तो लेखकवार आणि वर्षवार असतो : अमुक यांनी अमुक साली असे म्हटले, तमुक यांनी तसे. त्याऐवजी बाणवार तक्ता करावा. ‘आईचे कामाचे तास ते भरवण्याच्या वेळा’ या बाणाखाली त्याविषयी जे जे वाचले ते लिहायचे, बाजूने आणि विरोधातलेही. काही बाणांखाली रकाना भरून वाहतो आणि काहींखाली कोरा राहतो. कोरा रकाना म्हणजे एक तर आपला बाण कल्पनेतला आहे, नाही तर तिथेच संशोधनाची पोकळी आहे. दोन्हींपैकी काय ते ठरवणे हे मार्गदर्शकाशी बसून करायचे काम आहे आणि त्यात एखादी दुपार सहज जाते.

प्रत्येक बाणाला विचारायचे प्रश्न फार नाहीत. हे असे का घडावे, याची यंत्रणा सांगता येते का? बाण उलटा असू शकतो का? आपल्या उदाहरणात एक बाण खरोखरच उलटाही धावतो : बाळ आजारी पडले की आईचा रोज बुडतो, दवाखान्याला पैसे लागतात, मुकादमाकडून आणखी रक्कम घ्यावी लागते आणि पुढच्या हंगामाची गाठ आताच मारली जाते. तिसरा प्रश्न सर्वांत त्रासदायक. दोन्ही टोकांना ओढणारे तिसरेच काही आहे का? स्थलांतर करणारी कुटुंबे मुळातच अल्पभूधारक किंवा भूमिहीन असतात, आणि ती गावी राहिली असती तरी त्यांची मुले अशक्तच राहिली असती, असे कोणी म्हटले तर काय उत्तर द्यायचे? म्हणून ‘स्थलांतरापूर्वीची आर्थिक स्थिती’ हा चौकोन आकृतीत आलाच पाहिजे आणि त्यातून स्थलांतराकडेही बाण जायला हवा आणि मुलाच्या वजनाकडेही. आपल्या विद्यार्थिनीची तुलना मग गावातील सरसकट सर्व मुलांशी होणार नाही. त्याच वस्तीतील, तेवढीच जमीन असलेल्या पण त्या वर्षी न गेलेल्या घरांशी होईल. काही घरे मोठी मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून तान्ही तेवढी बरोबर नेतात, हेही तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते.

काही घटक कारणही नसतात आणि परिणामही नसतात. ते फक्त एखाद्या बाणाची ताकद कमी-जास्त करतात. टोळीबरोबर एखादी म्हातारी आजी आली असेल, तर आईचे तास तेवढेच राहूनही बाळाच्या पोटात दुपारी वरणाचे पाणी आणि भात जातो. अशा घटकाला मॉडरेटर म्हणतात आणि आकृतीत त्याचा बाण चौकोनाकडे न जाता दुसऱ्या बाणाच्या मध्यावर जातो. स्थलांतर आणि वजन यांच्यामध्ये बसलेल्या ‘भरवण्याच्या वेळा’ यांना मात्र मध्यस्थ चल म्हणायचे (चल म्हणजे माणसागणिक बदलणारी, मोजता येणारी गोष्ट). हा भेद परीक्षेपुरता पाठ करण्याचा नाही, कारण पुढच्या आकडेमोडीत तो न कळल्याने होणारी चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

ती चूक अशी. माहिती गोळा होते, एसपीएसएस या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीत भरली जाते आणि विद्यार्थी स्थलांतर, उत्पन्न, आईचे शिक्षण, भरवण्याच्या वेळा, अतिसार, लसीकरण हे सारे चल एकाच समीकरणात घालतो. निकालात अतिसार आणि भरवण्याच्या वेळा लक्षणीय ठरतात आणि स्थलांतराचा प्रभाव नाहीसा होतो. प्रबंधात वाक्य येते, ‘स्थलांतराचा बालकांच्या पोषणाशी संबंध आढळला नाही.’ प्रत्यक्षात स्थलांतर ज्या वाटांनी बाळापर्यंत पोहोचते त्या वाटाच समीकरणात स्थिर धरल्यावर त्याच्यासाठी शिल्लक काय राहणार? घरातून निघालेल्या माणसाला दोन्ही रस्ते बंद करून ‘हा पोहोचलाच नाही’ म्हणण्यासारखे ते आहे. व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर एक उपाय मांडला, तो चौकटीवरच उभा आहे : चल थरांनुसार समीकरणात आणायचे. आधी दूरच्या थरातील घटक तपासायचे आणि त्यांच्या एकूण प्रभावाचा अर्थ त्याच पायरीवर लावायचा. मग मधला थर, मग निकटचा. निकटचा थर आल्यावर दूरच्या घटकाचा प्रभाव किती कमी झाला, यावरून तो कोणत्या वाटेने जातो याचा अंदाज येतो, अर्थात इतर गोंधळ घालणारी कारणे आधीच हाताळलेली असतील तर. कोणता चल कोणत्या थरात, हे संगणक सांगत नाही, ते चौकटीनेच सांगायचे असते.

चौकोनांच्या व्याख्याही तितक्याच काटेकोर हव्यात. ‘संगोपन’ असे लिहून प्रश्नावलीत ‘आपण मुलाची काळजी घेता का?’ असे विचारले तर सगळ्या आया होच म्हणतील, आणि त्यांचे बरोबरच असेल. त्याऐवजी कालच्या दिवसभरात बाळाने किती वेळा आणि काय काय खाल्ले, कोणी भरवले, दोन खाण्यांमध्ये किती वेळ गेला, असे विचारता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्देशकांत स्तनपान घेणाऱ्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळासाठी दिवसातून किमान दोनदा आणि ९ ते २३ महिन्यांच्या बाळासाठी किमान तीनदा वरचे अन्न धरलेले आहे. असा तयार मापदंड असताना नवा शोधण्याचे कारण नाही.

बाण खरा आहे का

चौकटीतला बाण कितीही पटण्यासारखा असला तरी तो दावाच असतो. शौचालयांचे उदाहरण घ्या. उघड्यावरील शौचामुळे जंतू, जंतूंमुळे वारंवार आजार, आजारांमुळे वाढ खुंटणे ही साखळी कोणालाही पटते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात सरकारी स्वच्छता मोहिमेबरोबर केलेल्या एका यादृच्छिक प्रयोगात (ज्यात मोहीम कोणत्या गावांत राबवायची हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते), मोहीम राबवलेल्या गावांतील मुलांची उंची सरासरीने अधिक भरली, असे हॅमर आणि स्पिअर्स यांनी दाखवले. मात्र २०१४ मध्ये ओडिशातील अशाच प्रकारच्या मोठ्या प्रयोगात अतिसारावर किंवा वाढीवर परिणाम दिसला नाही, आणि पुढे २०१८-१९ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील प्रयोगांत शौचालय, हात धुणे व पाणी शुद्ध करणे यांनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली.

मग बाण खोडायचा का? घाईने खोडण्याआधी चौकोनात नेमके काय लिहिले होते ते वाचावे. ओडिशात प्रयोगाच्या गावांतील शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले होते, पण बांधलेले शौचालय आणि वापरले जाणारे शौचालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय उघड्यावरील शौच ही एका घराची बाब नसून गावाची असते. माझ्या घरी शौचालय आले तरी शेजारच्या दहा घरांचे जंतू माझ्या अंगणात येतच राहतात. म्हणजे चौकोन ‘घरातील शौचालय’ असा असावा, की ‘गावात उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण’ असा, हा व्याख्येचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बदलले की नमुना निवडण्याचे एककही घरावरून गावावर जाते. फडावरच्या कोप्यांच्या बाबतीत तर हे सरळच दिसते. तिथे मोजायचे झाल्यास टोळीचा तळ मोजावा लागेल.

गुणात्मक अभ्यासात ही सगळी बांधणी इतकी आधी आणि इतकी घट्ट करता येत नाही, करूही नये. मुलाखती घेणाऱ्याने चार-पाच ढोबळ संकल्पना घेऊन निघावे आणि बायका स्वतः कोणते शब्द वापरतात ते ऐकावे. ‘आईचा कामाचा ताण’ असे आपण लिहून नेतो आणि समोरची बाई मुकादमाच्या हिशेबाच्या वहीबद्दलच बोलत राहते, तेव्हा चौकोनाचे नाव बदलण्याची वेळ आलेली असते. मात्र कोणता चौकोन कधी आणि कशामुळे बदलला, याची तारखेसह नोंद ठेवावी. मौखिक परीक्षेत पहिल्या आणि शेवटच्या आकृतीमधला फरक समजावून सांगता आला, तर परीक्षकांचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

याच्या उलट टोकाची आकृती सगळ्यांनीच पाहिलेली असेल. डावीकडे वय, लिंग, जात, धर्म, शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न असे सात चौकोन, उजवीकडे एकच, आणि सातांतून निघालेले सात समांतर बाण. ती प्रश्नावलीच्या पहिल्या पानाची यादी असते. तिच्यात कोणताही चौकोन काढून टाकला किंवा आठवा घातला तरी काहीही बिघडत नाही, आणि यादी ओळखण्याची हीच सोपी खूण आहे. न काढलेला बाणही एक विधान असतो, हेही अशा आकृतीत हरवते. जात आणि व्यवसाय यांच्यामध्ये बाण नाही याचा अर्थ, महाराष्ट्रात या दोहोंचा संबंध नाही असे तुम्ही लेखी म्हणत आहात. एवढे धाडसी विधान बहुधा नकळत झालेले असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. प्रबंधांतून नुसते ‘युनिसेफची चौकट वापरली’ असे वाक्य येते, पण आता अशा चौकटी दोन आहेत. २०२० ते २०३० या काळासाठीच्या पोषण धोरणाबरोबर युनिसेफने आपली आकृती नव्याने काढली. तिच्यात कुपोषणाच्या कारणांऐवजी चांगल्या पोषणाचे घटक मांडले आहेत. सर्वांत जवळच्या थरात पूर्वी आहार आणि आजार होते, तिथे आता आहार आणि काळजी आहेत. मधल्या थरात अन्न, आचरण आणि सेवा. आणि तळाशी ‘मूलभूत कारणां’च्या जागी शासनव्यवहार, साधने आणि सामाजिक रीती. आपल्या विद्यार्थिनीने जुनी आकृती घेतली तर अतिसाराला स्वतःचा चौकोन मिळतो; नवी घेतली तर फडात अडकलेल्या आईकडून बाळाची घेतली जाणारी काळजी दुसऱ्या थरातून पहिल्या थरात येते आणि अतिसार कुठे बसवायचा ते तिला स्वतः ठरवावे लागते. तिच्या प्रश्नाला मला तरी जुनी अधिक सोयीची वाटते, कारण ती दोनदा वजन घेणार आहे आणि दोन वजनांच्या मधल्या आजारांची नोंद हीच तिची सर्वांत भरवशाची माहिती असणार आहे. तिने नवी निवडली तरी हरकत नाही, मात्र कोणती आणि का, हे आकृतीखालच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.